एक्केचाळीस सेकंद

डुलूथमध्ये फेब्रुवारीत सरोवर बोलत नाही.
बर्फाखाली कुठंतरी कुरकुरतं, एवढंच.
तिसऱ्या मजल्यावर मी कानांना हेडफोन लावून:
फाईल सतरा, सत्र चौथं.
पोराचं नाव आम्ही कागदोपत्री बदललंय,
इथं आणखी एकदा बदलते. वेस्ली म्हणू.
वय चौदा. शाळेला दांड्या.
एकदा खिडकी फोडली,
कुणाची, ते अजून सांगितलेलं नाही.

आई मार्लिस. वृद्धाश्रमात रात्रपाळी,
अकरा ते सात, वर शनिवारी बेकरी.
आमच्या प्रश्नावलीत एक ओळ आहे:
काम आणि घर यांचा मेळ बसतो असं तुम्हाला वाटतं का?
एक ते पाचमध्ये सांगा.
तिनं तीनला गोल केला,
खोडला,
मग पुन्हा तीनलाच.
कागद तिथं जरासा फाटलाय.
तो प्रश्न मी लिहिला होता,
पोटूशी असताना, एका दुपारी, घाईत.

आणि गॉर्डन टुओमी, मार्गदर्शक.
अहवालात आम्ही त्याला 'हस्तक्षेप' म्हणतो.
वय एकाहत्तर, लोहखनिजाच्या बोटींवर तीस हंगाम स्वयंपाकी.
प्रशिक्षणात शिकवलेलं एकही वाक्य
त्यानं पोरापाशी उच्चारलेलं दिसत नाही.
बावीस भेटी.
'चर्चेचा विषय' या रकान्यात
बावीस वेळा एकच शब्द: कांदे.
तेविसाव्या भेटीपुढं:
कांदे. आज बोलला. काय, ते लिहीत नाही.
बैठकीत कुणीतरी विचारलं, हे मोजायचं कसं?
कुणीतरी हसलं.
मीही हसले असेन.

तर सत्र चौथं.
समुपदेशक रोवीना विचारते,
वेस्ली, आईनं काय ऐकावं असं तुला वाटतं?
आणि मग काहीच नाही.
तीन सेकंदांहून मोठी शांतता नोंदवायची, असा नियम.
माझ्याआधीच्या मुलानं नोंदवलीय:
शांतता, ४१ से. मुलगा उत्तर देत नाही. प्रतिकार.
अक्षर नेटकं, शंका नावालाही नाही.

मी मागं जाते. आवाज वाढवते.
हीटरची घरघर.
खुर्ची करकरते, एकदाच.
मग एक श्वास, लांब, खरखरता,
त्यापाठोपाठ दुसरा.
जॅकेटची चेन, वरून खाली, फार सावकाश,
चोर उघडेल तशी.
कापडाची सळसळ.
आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला
अर्धवट फुटलेल्या आवाजात पोरगं म्हणतं,
हळूच, जवळजवळ धमकावत:
उठवू नका तिला.
आत्ताच डोळा लागलाय.

बरं, म्हणते रोवीना. तीही हळूच.

त्यानंतर चौदा मिनिटं टेप नुसती चालू आहे.
कुणी काही बरं करत नाहीये.
बाहेरून बर्फ खरवडणारी गाडी जाते
तेव्हा फक्त पोरगं एक शिवी हासडतं, गाडीला,
तीही दबक्या आवाजात.

'प्रतिकार' मी खोडला.
आमच्या यादीत बासष्ट संज्ञा आहेत,
प्रत्येकीची व्याख्या, प्रत्येकीचं उदाहरण.
वरून खाली वाचली, मग खालून वर.
जॅकेट त्यानं तिच्या अंगावर घातलं
की नुसतंच काढून मांडीवर घेतलं,
हे ऐकून ठरवता येत नाही.
मला काय ठरवायचंय ते मला कळतंय,
म्हणूनच रकाना रिकामा ठेवते.

सव्वादहा झालेत.
आठला मी घरी म्हणाले होते, निघालेच.
फोनवर नवऱ्याचा निरोप:
झोपली ती. वाट बघून नाही,
अशीच.

या 'अशीच'ची व्याख्या मला येते,
उदाहरणासकट.

दिवे मालवते. गाडी खाली तारेला लावलीय,
इंजिन गोठू नये म्हणून.
मागच्या आठवड्यात तार न काढताच निघाले होते,
अर्ध्या रस्त्यापर्यंत मागून काहीतरी
फरफटत येत होतं.