अठरा टक्के कमी

चोपड्याच्या तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
एक मशीन, वर निळी ताडपत्री,
खाली खोकं, ज्यावर माझा वाळका पाय टेकवून मी बसते.
नवा नियम निघाला की माझा धंदा वाढतो.
हे आधीच सांगून टाकते,
नंतर कुणी तोंडावर म्हणायला नको.

मंगळवारी बातमी आली, मसुदा आहे म्हणे, अजून पक्कं नाही.
चाळीसचे साठ करणार.
साठाच्या खाली पगार बंद,
जुने दाखले बाद, सगळ्यांनी
जळगावला जाऊन पुन्हा मोजून घ्यायचं.
बुधवारी मी शटर वर करायच्या आधीच
ओट्यावर कुबड्या रांगेनं टेकलेल्या होत्या.

लोटन बडगुजर पहिला.
उजव्या हाताची चार बोटं जिनिंगमध्ये राहिली,
त्याला बावीस वर्षं झाली.
अंगठा शिल्लक आहे, मशीनवर टेकवायला,
तोही घासून इतका गुळगुळीत
की तिसऱ्या-चौथ्या खेपेला लागतो.
त्यानं दाखला पुढे सरकवला. बेचाळीस.
"बहीन, आते अठरा टक्का मी कथाईन आनू?"
मागून सुपडू कोळी ओरडला,
"अंगठा दी टाक ना भो!"
सगळे हसले. लोटनही हसला.
मग हसू ओसरल्यावर
तो त्या अंगठ्याकडे बघत राहिला,
जसं कुणी उधारीवर आणलेली वस्तू बघतं.

मैमुनाचाची पिंजारी पोराला घेऊन आली.
सव्वीस वर्षांचा आहे, मशीनचा हिरवा उजेड सरकला
की टाळ्या वाजवतो. मी त्याच्यासाठी
कोरा कागद एकदा फिरवते, फुकट.
नव्या अर्जाला नवा फोटो लागतो म्हणाले,
समोर बघणारा, दोन्ही कान दिसणारा.
चाची म्हणाली, बेटी, हा समोर
माझ्याकडे तरी कधी बघतो का?

मागे एकदा कक्षाच्या पाटीवरचं "अपंग" खोडून
"दिव्यांग" लिहिलं.
रंगाला पैसे निघाले तेव्हा.
कक्ष मात्र पहिल्या मजल्यावरच राहिला,
आणि उताराच्या तोंडाशी बाबू लोकांच्या मोटारसायकली.

गुरुवारी कुणीच वर गेलं नाही.
खाली, कडुनिंबाच्या अर्ध्या सावलीत बसले,
उरलेल्या अर्ध्यांच्या डोक्यावर ऊन.
मे महिना. पारा पंचेचाळीस.
रुखमाबाई भोई डोळ्यांनी अधू, पण तोंडानं नाही.
ती खिडक्यांकडे चेहरा करून म्हणाली,
"उन्हालाबी साठ भरलं न्हाई साहेब,
म्हून काय ऊन न्हाई का?
उतरा खाली, मोजा."
वर एक पंखा फिरत होता, तो आम्ही ऐकला.

दुपारी शिपाई आला. आमच्याच आळीतला आहे,
त्यानं नजर जमिनीवर ठेवली:
हरकती लेखी द्या. तीन प्रतींत. पाचच्या आत.

म्हणजे परत माझ्याकडेच.
मी लिहीत होते, सुपडू अंगठ्यांना शाई लावत होता,
लोटन कागद धरत होता, दोन मनगटांत, चिमट्यासारखे.
पैसे घेतले. दोन प्रतींचे.
तिसरीचे नाही घेतले, एवढंच.
माझा दाखला गल्ल्याखालच्या कप्प्यात आहे,
प्लास्टिकमध्ये घातलेला, अठ्ठेचाळीस.
सगळ्यात शेवटी तो काचेवर पालथा घातला
आणि झाकण दाबलं,
जसं दुसऱ्याच कुणाचं काम असावं.

साडेचारला टोनर संपत आला.
प्रती फिकट निघू लागल्या,
नावं दिसायची, आकडे जेमतेम.
लोटननं एक उजेडाकडे धरली.
"चालतीन का ह्या?"

मी म्हटलं, दे तशाच.
त्यांनाही जरा
डोळे ताणून वाचू दे.