रात्री सव्वादोनला

चूक एकच नव्हती, हे आधी कबूल करतो.
हिरवा पाईप बागेचा होता,
शिराळ्याच्या बाजारात मीटरवर घेतलेला, स्वस्त म्हणून.
पहिल्याच चहाला पंक्चरच्या दुकानाचा वास.
कुमुदिनी म्हणाली, आलं जरा जास्त टाकते.

टेफ्लॉन टेप मी उलट्या अंगानं गुंडाळली.
मी. ज्यानं कुपवाडच्या एमआयडीसीत
एकतीस वर्षं लेथवर आटे पाडले,
पितळेचे, बिडाचे, पोलादाचे.
नट आवळत गेलो तशी ती सुटत आली
पोराच्या चड्डीच्या नाडीसारखी.

गाडी माझीच.
उसाच्या जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर
दोन वर्षांचे रविवार घालून उभी केलेली:
दोन बाकडी, एक ओटा, ओट्यात परातीएवढं सिंक,
आणि एक नळ.
नळ तिनं मागितला होता. बाकी सगळं माझं खूळ.

मणदूरच्या वरच्या अंगाला
दस्तगीर मुलाण्यांच्या बांधाशी गाडी लावली.
"जोडा की आमच्या लाईनला," दस्तगीरभाई म्हणाले,
"पर पाणी बारीक येतंय."
मी तोटीला अंगठा लावून पाहिला.
खरंच बारीक. तान्ह्या वासरानं चाटावं तसं.
दाब कमी करायचा पितळी रेग्युलेटर
खणात राहिला, पिशवीत, बिलासकट.
एवढ्याशा धारेला कशाला लगाम?

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या अंगावर बाण असतो,
पाण्यानं कुठं जायचं ते कोरलेलं.
बॅटरी दातांत धरून तोही उलटा बसवला,
काढला, फिरवला, पुन्हा बसवला.
नऊ वाजले. नळाला पाणी आलं.
तिनं दोनदा सोडला, दोनदा बंद केला,
आणि काही न बोलता झोपली.

बांधावरची मुख्य तोटी रात्री बंद करावी
हे मला सुचलंच नाही.
आमच्याकडे पाणी बंद करायची वेळ कधी आली नव्हती,
ते आपलं आपणच बंद व्हायचं.

सव्वादोनला शेतीची थ्री-फेज आली.
खाली ओढ्यावर साडेसातची मोटर ऑटोवर होती.
दस्तगीरभाई सांगायला विसरले
की मी विचारायला, ते अजून ठरलेलं नाही.

सिंकखाली आधी एक शिंक.
मग सगळी गाडी भिजली.

आणि ही उठली. दिवा लावण्याआधी,
डोळे उघडण्याआधी म्हटलं तरी चालेल,
म्हणाली, "पाणी आलं, ऊठ!"
धारेखाली पातेलं. पातेलं भरलं, कुकर.
कुकर भरला, तांब्या, डबा, डब्याचं झाकण.
एकदा तर गाळणंसुद्धा धरलं.

मी अनवाणी बांधाकडे पळालो
आणि तोटी घाईत उलटी फिरवली. हो, तीही.

परत आलो तर गाद्या पाणी प्यायलेल्या,
ही पायरीवर, पदर खोचलेला,
भोवती ओळीनं भरलेली भांडी.
कुपवाडला तीन दिवसांआड, पहाटे साडेतीनला,
पाईपात हवा सुसली की हिला जाग यायची.
मला यायची नाही. मी तिसऱ्या पाळीत असायचो,
किंवा म्हणायचो की आहे.
ती हंडे भरायची आणि मी उठायच्या आत
फरशीही पुसून झालेली असायची.

"अकरा भरली," ती म्हणाली,
आणि मग कुठं आहोत ते तिला आठवलं.
हसायला लागली. थांबेचना.
मी पोतेरं घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा
पाण्याच्या वेळेला मी जागा होतो.

सकाळी लाईट नव्हती, तोटी कोरडी.
गाडीची टाकीही रिकामी: खालचा सांडपाण्याचा म्हणून
जो व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला, तो टाकीचा निघाला.
चहा पातेल्यातल्या पाण्याचा झाला,
दोन कप दस्तगीरभाईंकडेही गेले.

रेग्युलेटर आता बसवलाय. बाण तपासलाय, दोनदा.
तरी झोपताना ती नळाखाली
एक रिकामं पातेलं ठेवते.
मी ते हलवत नाही.