लघुलिपीत स्वर नसतात

दौलतगंजच्या सभागृहात पौषातली थंडी
सतरंजीखालून वर येते.
पागनीसांनी मफलरीतून एकच कान बाहेर काढलाय,
डावा. उजव्याला ऐकू येत नाही.
कुमुदच्या पदरात गजकचा पुडा,
उघडला तर कागद वाजेल,
म्हणून ती द्रुताची वाट बघतेय.

शंतनु बिडवई गातोय. असेल एकतीस-बत्तीसचा.
त्यानं पहिली तान घेतली
आणि माझी तर्जनी आपोआप मांडीवर चालू लागली.
चौतीस वर्षं जिल्हा न्यायालयात स्टेनो होतो.
कुणी भरभर सुटलं की बोटाला राहवत नाही.

पण हे लिहायचं कसं?
लघुलिपीत व्यंजनं असतात: काठी, आकडा, वळण.
स्वर म्हणजे ठिपके, बारीकशा रेघा,
आणि वेग वाढला की ते गाळायचे,
वाचताना अंदाजानं भरायचे.
असंच शिकवलं होतं आम्हाला.
आणि हा पोरगा
एवढ्या वेगात
आम्ही गाळायचो
नेमकं तेवढंच गातोय.

पागनीस पुटपुटतात, "सपाट...
आता उलटली... गेली, गेली...
नाही, आली!" आणि हात थेट पंख्याकडे.
डोळ्यांत पाणी. मोतीबिंदूचे थेंब
संध्याकाळीच घातले होते, ते धरून.

कुमुद माझ्या कानाशी लागते,
"अहो, ती बाई पाऊण तास दाराशी उभी आहे.
कुणीतरी उघडा म्हणावं."
बंदिशीत खरंच तेवढंच होतं,
एक बाई, एक दार, रात्र बरीच झालेली.
मला हसू आलं. पटलंही.
मला ते वकील आठवले
मुद्दा संपल्यावर खरे रंगात येणारे;
त्यांची पानंच्या पानं माझ्या मनगटातून वाहून गेली,
निकालात त्यातला शब्द नाही.
चौथ्या तानेला मी मनात म्हटलं,
बास रे बाबा. सिद्ध झालं. बस खाली.

पाचवी काही वेगळी नव्हती.
तीच चढण, तोच दम, तसाच आकार.
पण मला डबऱ्याची ती बाई आठवली,
साक्षीदार क्रमांक सात.
तिच्यासमोर शर्ट धरला होता,
मुलाचा, बाहीला वेगळ्या रंगाचं बटण.
ओळखता का, म्हणून विचारलं.
तिनं तोंड उघडलं आणि
आ
एवढंच. लांब. वर गेलेलं, मग कितीतरी वेळ उतरत राहिलेलं.
साहेबांनी वाट पाहिली. मग मला म्हणाले,
"लिहा, साक्षीदाराने उत्तर दिले नाही."
मी लिहिलं.
नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते.

तुलना चुकीची आहे, कळतं मला.
याचा आ पहाटे उठून घोटलेला,
मानधन ठरवून, शाल घेऊन म्हटलेला.
तिचा तर
असो.
बोट मात्र मांडीवर थांबलं होतं.

परतताना टेम्पोत दोघांची जुंपली.
"वहिनी, तान काढली तर गाण्याची पोथी होईल."
"होऊ दे की. पोथीत निदान गोष्ट पुढे जाते."
मग दोघंही माझ्याकडे वळले,
मी जणू निकाल देणार.
"जास्त झालं," मी म्हणालो.
कुमुदनं मला गजकचा मोठा तुकडा दिला.
पागनीस बाड्यापर्यंत बोलले नाहीत.

रात्री जुनी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं.
आ म्हणजे जाड ठिपका,
काठीच्या सुरुवातीला द्यायचा.
पण काठीच नसेल
तर कुणाच्या आधारानं?
एक दिला, नुसताच.
मग त्याच्या वर एक. मग खाली, खाली, जरा डावीकडे,
पुन्हा वर.
पान भरलं. वाचता येत नव्हतं.

सकाळी चहा ठेवताना कुमुदला वही दिसली.
"हे काय, रांगोळीचे ठिपके?
जोडायचे राहिलेत की."
मी म्हटलं, हो.