ऐकू येतंय?

ईश्वरा सुतारनं पास दिला म्हणून गेलो.
त्याची पोरगी रेवती नाटकात होती,
आणि फौंड्रीला त्या दिवशी लाइट नव्हती.
शाहू स्मारक, मागून तिसरी रांग,
कडेची खुर्ची, म्हणजे खोकला आला तर उठता येतं.

पडदा सरकला. सगळं पांढरं.
मला लगेच कळलं ते काय आहे:
लक्ष्मीपुरीतलं खडेमीठ, आठ-दहा पोती,
मागं धोतरं जोडून शिवलेली,
एकाची किनार तर दिसत पण होती.
ईश्वरा म्हणाला, हा उत्तर ध्रुव.
म्हटलं, असू दे.

मी भट्टीवरचा माणूस.
बत्तीस वर्षं लोखंड पातळ करतोय,
पंधराशे डिग्रीला ते दुधासारखं पडतं.
थंडी म्हणजे मला पन्हाळ्यावरची पहाट,
बाकी सगळं ऐकीव.
आणि ऐकीव तरी कुठलं,
डावा कान मशीननं नेला,
उजव्यात रात्रंदिवस एक बारीक शिट्टी,
कुकर उतरवायला कोणी उठतच नाही अशी.

नाटकात फार काही होत नव्हतं.
एक झोपडी, एक बाई, एक वायरलेस.
जोडीदार बर्फाची जाडी मोजायला गेला
तो सहा महिन्यांच्या रात्रीत परतलाच नाही.
ही त्याचे पायमोजे शेगडीवर वाळवते,
वाळले की पुन्हा भिजवते,
पुन्हा वाळत घालते.
पुढं दोन पोरी हसल्या.
मला हसू आलं नाही.

मग तिनं वायरलेस बंद केला.
पंखा बंद. निळा दिवा तेवढा.
म्हणाली, आता बर्फ बोलेल.
आणि गप्प बसली.
किती वेळ? एक साचा भरून होतो तेवढा.
कोणाची तरी खुर्ची करकरत असेल, ती पण थांबली असेल.
मयताला गेलं तरी हळू न बोलणारं
आख्खं कोल्हापूर
गप्प.
आणि त्या गप्पात माझी शिट्टी
माझ्या कानातनं बाहेर पडली,
मिठावरनं गेली, धोतरं ओलांडून,
पार लांब, जिथं सपाटच सपाट,
एक धुरांडं नाही, उसाचं एक कांडं नाही.
मला वाटलं, बर्फाचा आवाज असाच असणार.
एवढी वर्षं मी तो घेऊन हिंडतोय
आणि डॉक्टरनं त्याला गोळ्या दिल्या.

रेवती पुढं आली, पार कडेपर्यंत.
अंधाराला तिनं हळू विचारलं,
ओठांवरनं कळलं मला,
"ऐकू येतंय?"

मी म्हणालो, "येतंय."

मोठ्यानंच म्हणालो असणार,
बहिऱ्याला स्वतःचा आवाज कळत नाही.
रांगाच्या रांगा वळल्या.
ईश्वरानं माझा गुडघा दाबला.
पण पोरगी हसली नाही.
माझ्या दिशेनं बघत राहिली,
वायरलेसवर खरंच कोणीतरी आल्यासारखी,
आणि पुढचं वाक्य घ्यायला तिला वेळ लागला.

मी रडलो.
रुमाल नव्हता, टोपीनं पुसलं.

हा प्रश्न मला रोज विचारतात,
सुपरवायझर, बँकेतली मॅडम, सूनबाई,
सगळे ओरडून.
ओरडून फक्त कामाचं सांगता येतं:
गॅस संपला. दार लावा. जेवण वाढलंय.
आमची अनुसया पूर्वी झोपताना
कायबाय सांगायची, शेजारणीचं, स्वप्नातलं.
ते कधी बंद झालं
मला कळलंसुद्धा नाही.

नाटक सुटल्यावर पोरं उत्तर ध्रुव
पोत्यात भरत होती,
दुकानदाराला उद्या परत द्यायचा म्हणून.
मी एक खडा उचलला, जिभेवर ठेवला,
दसरा चौकातनं चालत घरी आलो.

उजवा कान तिच्याकडं करून आडवा झालो.
म्हटलं, कायतरी सांग. हळू.
ती ओरडली, "काय झालंय तुम्हाला?"
म्हटलं, हळू.
बराच वेळ गेला.
मग उशीला तिचा श्वास लागला, गरम.
एक शब्द सापडला, मीठ, नाहीतर मीच.
कुठला, ते मी विचारलं नाही.
बाकी सगळी शिट्टी,
आणि ती सांगतच होती.