बाकी

आधी टोपीतून चिठ्ठ्या काढायचे.
मेणकापडाची जुनी टोपी, तेवीस चिठ्ठ्या,
किनाऱ्यालगत जाळ्यांच्या तेवीस जागा.
कॉडचा उन्हाळा कुणाचा कसा जाणार
ते एप्रिलच्या एका संध्याकाळी ठरायचं,
चर्चच्या हॉलमध्ये, ओल्या लोकरीच्या वासात.

त्या वर्षी सेल्बी पार्डी म्हणाला,
एक नंबरची चिठ्ठी जाड कागदाची असते,
काढणाऱ्याच्या बोटांना कळते.
म्हणाला नाही, ओरडला.

म्हणून ते काम माझ्याकडे आलं.
मी व्हर्ना, हेडली टकची मुलगी,
सेंट जॉन्सहून कॉम्प्युटर शिकून परतलेली,
जाळं विणता न येणारी.
यंत्राला बोटं नसतात, मी सांगितलं.

सी भाषेत दोन ओळींचं काम.
यंत्र एक आकडा देतं, शून्यापासून
बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत कुठलाही.
त्याला तेवीसने भागायचं
आणि भागाकार फेकून द्यायचा.
शाळेत जी कोपऱ्यात लिहायचो
ती बाकीच फक्त ठेवायची.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीनदा चालवून पाहिलं.
तिन्ही वेळा तीच नावं, तोच क्रम.
बाबा चहा ओतता ओतता म्हणाले,
मागच्याच वर्षीचं बियाणं लावलंस
तर मागच्याच वर्षीचे बटाटे येणार.
त्यांना सी येत नव्हती.
पण बी पेरायचंच राहिलं होतं, खरंच.
मी घड्याळातले सेकंद पेरले.

सोडतीच्या दिवशी प्रिंटर करकरत होता,
कागद जमिनीपर्यंत लोंबलेला.
तिसरं नाव सेल्बी पार्डी.
जागा क्रमांक शून्य.

हॉल आधी गप्प, मग खो खो हसला.
सेल्बी नाही. त्याने टोपी काढून हातात धरली
आणि अगदी हळू विचारलं,
ही शून्य नंबरची जागा कुठे येते, पोरी?

तेवीसने भागून तेवीस कधीच उरत नाही.
उरतं शून्य ते बावीस.
एक मिळवायचा असतो, तो मी विसरले होते.
सगळ्यांच्या आकड्यात एक मिळवा, मी म्हटलं,
कान लाल झालेले.
सगळ्यांनी मिळवला.
सेल्बीला एक नंबरची जागा मिळाली.

त्या रात्री कुणी माझ्याशी धड बोललं नाही.
सेल्बीसुद्धा.

झोप येईना म्हणून कागदावर भागाकार मांडला.
तेवीस गुणिले चौदाशे चोवीस,
बत्तीस हजार सातशे बावन्न.
वर सोळा आकडे उरतात,
आणि ते पहिल्या सोळा जागांनाच जातात,
प्रत्येकी एक.
म्हणजे यंत्रातही एक नंबरची चिठ्ठी जाड होती.
केसाएवढी. पण होती.
हे मी सेल्बीला सांगायला हवं होतं.

तीन वर्षांनी, जुलैत, रेडिओ लागला होता.
हॉलमध्ये सगळे उभेच राहिले, खुर्च्या असून.
कॉड बंद. एक नंबरचीही, तेवीसचीही.
बाबांनी घरी येऊन बूट काढले,
बराच वेळ ते हातातच धरून बसले.

माझ्या शाळेच्या वहीत एक शब्द होता,
काही उरलं नाही की लिहायचा.
बाई त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण करायच्या,
मला तेव्हा फार आवडायचं:
निःशेष भाग जातो.