उलटं भिंग

आश्विनात मुहूर्त नसतात.
आचऱ्याच्या तिठ्यावर माझा स्टुडिओ
अर्धं शटर ओढून बसलेला.
आधारकार्डाचे दोन, दहाव्याचा एक,
तो मोठा करून द्यायचा, हार घरचे घालतात.

अशा रिकामपणी
पन्नासची जुनी लेन्स काढून उलटी लावली,
मधे दीडशे रुपयांची रिंग.
लांबचं सगळं पुसलं गेलं.
नाकासमोरची बोटभर जागा उरली,
तीही तांदळाच्या जाडीइतकीच स्पष्ट.
फोकस फिरवायचा नाही, आपणच डुलायचं
केसभर पुढे, केसभर मागे.
श्वास सोडला की मुंगी धुक्यात जाते.

मुणग्याच्या सड्यावर पालथा झालो.
कातळाच्या खळीत ओल,
ओलीच्या काठाला नखाएवढं तांबूस काहीतरी,
ज्याच्यावरून बावीस वर्षं
मी नवरा-नवरी चालवत नेली:
'हसा जरा, मागे समुद्र येऊ दे.'
दवबिंदू म्हणतात त्याला.
केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब.
एका थेंबात चिलट, पाय अजून हलणारे,
शेजारच्या थेंबात अख्खं आभाळ
खाली डोकं वर पाय,
त्यात एक माड आणि माझी टोपी.
सुंदर म्हणावं, तर चिलट मरत होतं.
मी सतरा फोटो काढले.

मग पुळणीवर.
वाळूला मी आजवर एकच रंग समजत होतो.
चिमटीत निघाली पोवळ्यासारखी गुलाबी ठिकरी,
दीड पायरीचा शंखाचा जिना,
कुणाच्या तरी काट्याचं जांभळं टोक,
आणि एक निळा मणी, इतका नीट गोल
की शंका आली.
प्लास्टिकच होतं.
तेही चमकत होतं, काय करणार.

"तुजा काय हरावला काय रे?"
द्रुपदी तारी. गोलमा वाळत घालत होती.
तिच्याच जाळ्यावरचा एक उचलून टिपला नि दाखवला:
कागदासारखं अंग, आत तांबडी रेघ,
आणि देठावर डोळा.
काळा. त्यात ऊन.
तिनं पदरानं स्क्रीन पुसला,
जवळ नेला, लांब नेला.
"ह्येका डोळे असतत?"
बराच वेळ काही बोलली नाही.
"पन्नास वर्सां पायलेन मोजतंय मी."
मग गिऱ्हाईक आलं, तिनं पायली भरली
आणि दहा रुपये जास्त सांगितले.
का म्हणून विचारलं तर म्हणते,
"डोळे आसत त्येका."

त्या रात्री एक जुना छापील अल्बम काढला.
कुडोपीचं लग्न. नवरीचं नाव आठवत नाही.
एक अंगठा तिनं दिवसभर मुठीत धरलेला,
मी ओरडत होतो, मूठ सोड, मेंदी दिसू दे.
सोडली नव्हती.
कुरतडलेलं नख असेल. चटका असेल.
उलटं भिंग त्या मुठीवर धरलं,
श्वास धरला.
ठिपके.
निळे, पिवळे, किरमिजी, काळे,
तिरप्या रांगांत ठिपके.
जवळ गेलो तसतशी
मूठ नाहीशी झाली.

सकाळी द्रुपदीनंच हाक मारली.
"माजो पन एक काड.
पन सुलट्या भिंगान हां,
उलट्यान सगळ्यो सुरकुत्यो दिसतीत."
काढला. बरा आला.
निघताना दिसलं
तिच्या अंगठ्याला चिकटलेलं तारलीचं खवलं,
त्यावर उन्हाचा तिरका काप.
ह्याचा काढू? म्हटलं.
ती हात पदराला पुसायला निघाली.
नको, राहू दे.

लेन्स काढून उलटी बसवायला वेळ लागतो,
माझी बोटं घामेजलेली.
तोवर तिनं हात पुढे धरून ठेवला, न हलवता,
आणि कुणी न सांगता
श्वाससुद्धा.