छाट

झोन ऑफिसात मी कंत्राटी.
माझं काम हिरवं करणं.
वरून आकडा येतो, तीन दिवसांआड,
तो मी पोर्टलवर चढवतो
आणि नकाशात आमचा वॉर्ड
भिजवलेल्या तेंदूच्या पानासारखा हिरवा होतो.
उजनी भरली की पेपरात तिचा फोटो येतो.
माझा येत नाही. मी ऑपरेटर.

आई विड्या वळते. चाळीस वर्षं.
पान कातरायचं, तंबाखू पेरायची, दोरा गुंडाळायचा,
असं हजार वेळा, मग दिवस संपतो.
कारखान्यात चेकर सुपात हात घालायचा:
ही सैल. ही जाड. ही छाट.
छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत
आणि विडीही परत नाही.
ती कधी भांडली नाही.
नुसती त्याचा हात बघत राहिली, चाळीस वर्षं.

विडी घरकुलात बालमणी यमूलची नात आहे, श्रावंती,
पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला.
तिनं एक तक्ता केला, कुणाच्याही मोबाईलवर उघडणारा.
उभ्या गल्ल्या, आडव्या तारखा.
नळ किती वाजता, किती मिनिटं, किती घागरी.
शेजारच्या रकान्यात पोर्टल काय म्हणतं ते आपोआप.
दोन्ही जुळलं नाही की चौकट लाल.

"गज्जम," साहेब म्हणाले, "ही लिंक कुणाची बघ.
कोण कोण लिहितंय, नावं काढ."

नावं नव्हती.
रात्री अडीच. अकरा मिनिटं. सात घागरी.
नीळ्ळु रालेदु.
नीरु बंदिल्ल.
पानी नै आया, बिल आया.
आलं. गढूळ. पोरगं दवाखान्यात.
बारशाला टँकर मागवला, बाराशे रुपये.
परत: नीळ्ळु रालेदु.
माझ्या सगळ्या हिरव्याखाली
एवढी माणसं रात्रीची जागी होती.

मग आमची गल्ली. आमचं दार.
मिनिटांच्या जागी शून्य, घागरींच्या जागी शून्य,
आणि शेऱ्यात एकच शब्द.
नऊ तारखांना नऊ वेळा:
छाट.

मागच्या रविवारी तिनं विचारलं होतं,
छ कुठं असतो रे मोबाईलमधी?
मी जेवत होतो. बोटानं दाखवला.

सकाळी साहेबांना म्हटलं, नावं नाहीत, घागरी आहेत.
ते माझ्याकडं बघत राहिले,
मी पंख्याकडं.

सोमवारी बायका आल्या.
घोषणा नाहीत, बॅनर नाही. सुपं आणली होती.
सुपात तंबाखू नव्हती, कागद होते,
तक्त्याच्या छापील प्रती, घडी घातलेल्या.
जिन्यात, व्हरांड्यात, माझ्या टेबलापर्यंत बसल्या,
मांडी घालून, जशा कामाला बसतात.
श्रावंती पोर्टलवरची एक एक तारीख वाचायची:
चार तारीख, पुरवठा नियमित.
साठ-सत्तर बायका सुपातला कागद उचलून बाजूला ठेवत:
छाट.
सात तारीख, पुरवठा नियमित.
छाट.
शिपाई हसायला लागला, मग थांबला.
त्याचीही गल्ली त्यात होती.
आई तिसऱ्या पायरीवर. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.
तिचं लक्ष माझ्या हाताकडं होतं.

संध्याकाळी आकडा आला. तीन दिवसांआड.
मी चौकट रिकामी सोडली.
रिकामी चौकट पोर्टल घेत नाही,
"आवश्यक माहिती भरा" म्हणतं, लाल अक्षरात.
मी बराच वेळ बसून राहिलो.
मग मशीन तसंच सोडून घरी आलो.
उद्या काय होईल माहीत नाही. कंत्राट मार्चपर्यंत आहे.

रात्री केव्हातरी नळ खोकला.
आई उठली. मी आधीच उठून बसलेलो.
घागर खाली सरकवत ती म्हणाली,
"टैम बघ रा."